शिक्षा करणारा कोण?

वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत. १९६२ साली ती सुरू झाली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि बौद्ध कामगारांनी येथे एकाच छपराखाली पाळ्या केल्या. पॉवर प्रेसखाली बोटे जाणे हे अशा वसाहतींचे जुने दुःख आहे. बोटे गेली की कोणी म्हणतो, देवाने शिक्षा केली. कोणी म्हणतो, मागच्या जन्मीचे फेडले. धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या घरांतूनही हे शब्द अजून ऐकू येतात. म्हणून प्रश्न विचारला पाहिजे : माणूस आपल्या इच्छेने वागतो काय? आणि त्याला शिक्षा करणारा कोणी वर बसला आहे काय?

या प्रश्नावर ख्रिस्ती धर्मपंडितांनी शतकानुशतके खल केला आहे. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचे चर्च पोर्तुगीज काळापासूनचे आहे. ख्रिस्ती बांधव आपले शेजारी आहेत. तेव्हा टवाळी न करता त्यांचे म्हणणे आधी नीट समजून घेऊ.

ते म्हणतात, देवाने माणसाला घडविले आणि इच्छास्वातंत्र्य दिले. आदाम व हव्वा यांनी मना केलेले फळ स्वतःच्या इच्छेने खाल्ले, म्हणून दुःख आणि मरण जगात आले. स्वातंत्र्य नसते तर माणूस कळसूत्री बाहुली ठरला असता आणि त्याच्या प्रेमाला किंमत उरली नसती. यात तथ्य आहे. माणसाला जबाबदार धरायचे तर तो स्वतंत्र मानावाच लागतो.

पण अडचण पुढे आहे. देव सर्वज्ञ असेल, तर माणूस काय करणार हे त्याला घडविण्यापूर्वीच ठाऊक होते. तो सर्वशक्तिमान असेल, तर निराळे जग घडविणे त्याच्या हाती होते. मग कायमच्या नरकाची शिक्षा न्याय्य कशी? आणि आदामाने केलेल्या चुकीचा डाग आज जन्मलेल्या बालकाला का? पेलेजियस नावाच्या साधूने नेमके हेच विचारले. प्रत्येक माणूस चांगले निवडू शकतो, पित्याचे पाप पुत्राला लागत नाही, असे त्याचे मत होते. संत ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला. आदिपापाने माणसाची इच्छाच दुबळी झाली आहे, देवाच्या कृपेवाचून ती सत्याकडे वळत नाही, असे तो म्हणाला. इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलेजियसचे मत त्याज्य ठरविले. जन्मामुळे दोषी ठरणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या पूर्वजांनी ते पिढ्यान् पिढ्या भोगले आहे.

खुद्द बायबलातही या समजुतीला छेद आहे. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख येतो. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती काय, असे विचारून येशू स्वतःच नाही म्हणतो. मात्र पश्चात्ताप न केल्यास तुमचाही नाश होईल, असा इशाराही तो लगेच देतो. म्हणजे शिक्षेची टांगती तलवार राहतेच.

ही समजूत एकट्या ख्रिस्ती धर्माची नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा होय, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांचा या तर्काला विरोध होता आणि तो त्यांनी जाहीरपणे नोंदविला. आपणही विचारले पाहिजे : त्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही गाडले गेलेच ना? ज्यांच्यावर पाप झाले त्यांनाच शिक्षा, हा कुठला न्याय?

तथागतांचा मार्ग निराळा आहे. सर्व सुखदुःख पूर्वकर्माने येते, ते ईश्वर घडवितो, किंवा ते विनाकारण घडते, ही तिन्ही मते अंगुत्तर निकायात त्यांनी नाकारली आहेत. कारण तिन्ही मतांनी माणूस हातपाय गाळून बसतो. संयुत्त निकायात सीवक परिव्राजकाला ते वेदनेची आठ कारणे सांगतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा प्रकोप, ऋतुबदल, हयगय, दुसऱ्याचा घाला आणि कर्म. आठांत कर्म एकच!

हेच माप प्रेसला लावून पाहा. जाळी काढून ठेवली होती काय? माणूस सलग दुसरी पाळी करीत होता काय? धोक्याच्या यंत्राला आडोसा हवा, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिले गेले. ‘देवाची शिक्षा’ म्हटले की ही चौकशी थांबते, आणि जखमी कामगार आपल्याच नजरेत गुन्हेगार ठरतो.

कोणी विचारील, शिक्षा करणारा नसेल तर मुले चांगली का वागतील? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात उत्तर दिले आहे : धम्मात देवाच्या जागी नीती आहे. माणसाने माणसाशी नीट वागावे, कारण माणसाला माणसाची गरज आहे. त्याच ग्रंथात गरिबाची गरिबी पूर्वजन्माच्या कर्मावर ढकलणारा सिद्धान्त त्यांनी अमानुष म्हणून नाकारला. म्हणून देवाला घराबाहेर काढून त्याच्या पाटावर पूर्वजन्माला बसवू नका.

मुलाने चूक केली तर ‘देव बघतो आहे’ असे सांगू नका. तुझ्या वागण्याने कोणाला दुखले, ते विचारा. आणि ते दुरुस्त करायला त्याच्या सोबत जा. भीतीने वागलेला मुलगा पहारा उठताच बदलतो. समजून वागलेला मुलगा एकटा असतानाही तसाच वागतो. इच्छास्वातंत्र्य म्हणतात ते हेच.