कोरडे लाकूड



दत्तजयंतीचा सप्ताह बसला की दरवर्षी कुणी ना कुणी वडीलधारी मंडळी हळूच बाजूला घेऊन विचारतात, "बुवा, तीस वर्षं पोथी वाचतोय. पूर्वी डोळ्यांत पाणी यायचं, आता जांभई येते. रागही तसाच, काळजीही तशीच. काही पुढे सरकतच नाही हो."

विचारणारा माणूस ढोंगी नसतो. ज्याने मनापासून काही केलेलं असतं, त्यालाच हा प्रश्न पडतो. त्याला मी श्रीगुरुचरित्राचा चाळिसावा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचायला सांगतो. सप्ताहात तो येतो सहाव्या दिवशी, म्हणजे पाठ भरून आलेली असते आणि लक्ष उद्याच्या समाप्तीकडे असतं. त्यामुळे तो नुसताच वाचून होतो.

नरहरी नावाचा कुष्ठरोगी ब्राह्मण गाणगापुरास आला. लोक त्याचं तोंड पाहीनात, इतका तो गांजला होता. श्रीनृसिंहसरस्वतींनी त्याला दिलं काय, तर औदुंबराचं एक वाळलेलं लाकूड. संगमावर रोव, त्रिकाळ पाणी घाल, पालवी फुटेल तेव्हा तू शुद्ध होशील. झालं! तो लगेच कामाला लागला. (ही कथा ऐकून कुणी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नयेत, हे मी दरवेळी सांगतो. नरहरीने श्रीगुरूंची आज्ञा पाळली, आपण आपल्या डॉक्टरांची पाळावी.)

लोक म्हणाले, अरे, तुला कटवण्यासाठी स्वामींनी हे सांगितलंय, वाळकं लाकूड कधी फुटतं का? त्यांचं बोलणं व्यवहाराला धरूनच होतं. पण नरहरीचं उत्तर एकच: गुरूंचा शब्द खोटा व्हायचा नाही. असे सात दिवस तो उपाशीपोटी पाणी घालत राहिला.

इथे थोडं थांबू या. सात हा आकडा आपल्याला पोथीत दिसतो. नरहरीला तो ठाऊक नव्हता! चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या हाती काय होतं? पहिल्या दिवशी होतं तेच कोरडं लाकूड. आपली तीस वर्षं म्हणजे कदाचित त्याचा चौथा दिवस असेल. आणि पोथीत असं कुठेही येत नाही की खाली मूळ फुटलं का, हे बघायला त्याने ते लाकूड उपटलं. आपण मात्र रोज उपटतो. आज मन किती लागलं? शेजारच्या वहिनींना स्वप्नात पादुका दिसल्या, मला का नाही?

आपल्याकडे क्वचित दिसणाऱ्या माणसाला उंबराचं फूल म्हणतात. उंबराला फुलं येत नाहीत असं नाही. ती फळाच्या आत असतात, बाहेरून दिसत नाहीत एवढंच. तुमचा राग तसाच आहे की नाही, हे तुम्ही ठरवू नका. घरात सूनबाईला विचारा. पूर्वी दोन दिवस धरलेला अबोला आता दुपारच्या चहापर्यंत सुटत असेल, तर ते तुमच्याआधी तिला कळलेलं असतं.

आणि तिनेही नकारार्थी मान हलवली तर? तर माळा वाढवून झटापट करू नये. गुडघे ऐकत नसतील तर खुर्चीवर बसावं, सप्ताह झेपत नसेल तर रोज थोडं वाचावं. वेळ मात्र चुकवू नये.

शिष्यांनी जाऊन श्रीगुरूंना सांगितलं, तो उपाशी आहे, कुणाचं ऐकत नाही. तरी श्रीगुरू लगबगीने उठले नाहीत. आधी त्यांनी शिष्यांना शबराच्या शिवभक्तीची कथा सांगितली, चांगली सविस्तर. मग ते संगमावर गेले. नरहरी त्या लाकडापाशीच होता. श्रीगुरूंनी कमंडलूतलं पाणी शिंपडलं आणि त्याच कोरड्या लाकडाला पालवी फुटली.