कसोटी आणि झीज

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहे. मुलाला शाळेतून यायला उशीर झाला, परगावी राहणाऱ्या लेकीचा फोन लागला नाही, की घरातील वडीलधारे माणूस ती उच्चारते आणि विषय मिटतो. काही माणसांच्या बाबतीत मात्र तो मिटत नाही. छातीत क्षणभर कळ आली की त्यांना हृदयविकार दिसतो. डोके दुखले की मेंदूतील गाठ. तपासणी निर्दोष निघाली तरी समाधान चार दिवस टिकते. पाचव्या दिवशी ‘तपासताना काही नजरेतून सुटले असेल तर?’ हा प्रश्न पुन्हा दाराशी उभा असतो. आणखी काहींना देवापुढे बसल्यावर नेमके अभद्र शब्द आठवतात, किंवा तान्हे मूल हाती घेताच आपणच त्याला इजा करतो आहोत असे चित्र मनात चमकून जाते. ‘मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ते माणूस मोकळे होत नाही. त्याच्यापुढे दोन प्रश्न असतात, आणि ते जितके वैद्यकाचे तितकेच नीतीचेही आहेत. स्वतःच्या देहाविषयी माणसाने किती खात्री मागावी? आणि न बोलावता मनात आलेल्या विचाराचा जाब त्याने द्यावा काय?

पहिल्या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस आपल्या इंदूरच्या सराफ्याचे साहाय्य होते. राजवाड्याच्या पाठीशी असलेल्या या पेठेत सोने पारखण्याची आता यंत्रे आली आहेत; परंतु जुनी रीत अशी, की सराफ काळ्या कसोटीवर दागिना घासतो, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची रेघ ओढतो, त्यांवर तेजाब लावतो आणि कोणती रेघ किती टिकते हे पाहून निर्णय सांगतो. मग कसोटी बाजूला ठेवतो. त्या एका घासण्यातही सोन्याचा कण दगडावर राहतोच. निर्णयासाठी तेवढी झीज सोसायची असते. परंतु तोच दागिना कोणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत घाशीत बसला, तर कस वाढणार नाही. दागिना मात्र झिजेल.

सराफा आणखी एक गोष्ट शिकवतो. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा उमटवलेला असतो. हजारात ९१६ भाग सोने आणि बाकीचा तांब्या-चांदीसारखा दुसरा धातू, असा त्याचा अर्थ. निव्वळ सोने फार मऊ. नित्य वापराचा दागिना त्याचा टिकत नाही. देहाविषयीची खात्रीही अशीच असते. प्रामाणिक डॉक्टर ‘आज, या तपासण्यांत, दोष आढळला नाही’ एवढेच सांगू शकतो. पुढचे कोणीच सांगू शकत नाही. उरलेली अनिश्चितता हा त्या निर्णयातील खोट नव्हे. जगण्यास उपयोगी पडणाऱ्या प्रत्येक खात्रीत ती मिसळलेलीच असते. शंभर टक्क्यांचा हट्ट धरणाऱ्याला अधिक सुरक्षितता मिळत नाही, अधिक घासणे मात्र वाट्याला येते.

आणि ही झीज केवळ मनाची नसते. भीती वाटताच हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, हातपाय मुंग्या आल्यासारखे होतात. भयभीत माणूस याच खुणा रोगाच्या म्हणून वाचतो आणि अधिक भितो. गाठ आहे का म्हणून वारंवार दाबलेली जागा दाबण्यानेच दुखू लागते. २०२० च्या साथीनंतर रक्तदाबमापकाच्या शेजारी ऑक्सिमीटरही अनेक घरांत आला. ही साधने उपयोगी खरीच. परंतु डॉक्टरांनी सांगितले नसताना दिवसातून वीस वेळा आकडा पाहणाऱ्याला ती माहिती देत नाहीत, केवळ पुढच्या वेळी पाहण्याचे निमित्त देतात.

याचा अर्थ सावधपणा सोडावा असा नव्हे. सावधपणा आणि धास्ती यांतील भेद आपल्याच शहराने एकदा रस्त्यावर पाहिला आहे. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढे देशभर पसरला आणि इंदुरासही त्याचा उपद्रव झाला. पुढे पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारच्या कामासाठी येथे आले. नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा हा म्हातारा साहेबच प्लेग आणतो, अशी बोलवा उठली. भयाला बोट दाखवण्यास कोणीतरी हवेच असते. गेडिस यांनी १९१७ च्या दिवाळीस मिरवणूक काढण्याचे ठरविले. जे रस्ते आणि घरे उत्तम स्वच्छ होतील तिकडून ती जाणार, असे जाहीर झाले आणि शहर झाडलोटीस लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि शुभ्र वेषात सन्मानाने चालणारे सफाई कामगार होते. शेवटी राक्षस आणि उंदीर दोघांचेही दहन झाले. प्लेग त्या एका रात्रीत गेला, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या भयाला आकार नव्हता त्याला आकार मिळाला, हातांना काम मिळाले, आणि मुख्य म्हणजे त्या कामाला शेवट होता. ओसरी झाडून झाली की झाडू ठेवता येतो. धास्तीचा झाडू खाली ठेवता येत नाही. आपण काळजी घेतो आहोत की काळजी करतो आहोत, हे ओळखण्याची आमच्या मते हीच खूण आहे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. कारण तेथे भीतीच्या जोडीला लाज असते. मनात अभद्र चित्र आलेली आई ते कोणाला सांगत नाही. ‘असा विचार आला, म्हणजे मी तशीच असले पाहिजे,’ असा ती न्याय करते आणि मुलाला जवळ घेणेच टाळू लागते. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी निरोगी माणसांकडे विचारणा केली, तेव्हा त्यांच्यातील बहुसंख्यांच्या मनातही असेच विचार येऊन जातात, असे दिसले. फरक एवढाच, की इतरजण त्यांना किंमत देत नाहीत. १९८७ साली डॅनियल वेग्नर यांनी काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले; अस्वल पुनःपुन्हा आलेच, आणि बंदी उठल्यावर तर अधिकच आले. जे हाकलावे तेच फिरून येते. शिवाय असे विचार आपल्याला जे सर्वांत प्रिय वा पवित्र, नेमके त्यालाच जाऊन भिडतात. आईला त्या चित्राने घाम फुटतो, तो त्या मुलावर तिचा जीव आहे म्हणून.

रात्री सराफांची दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओटल्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जलेबीच्या कढया लागतात. त्या गर्दीत आपल्या ओटल्यावर कोण येऊन टेकले याचा जाब कोणी सराफाला विचारीत नाही. त्याने तिजोरी उघडून कोणाशी देवघेव केली, तर तिचा हिशेब मात्र त्याचा. मनाचेही असेच मानावे. कोणी म्हणेल, विचार हेच कृतीचे बीज नव्हे काय? खरे आहे, परंतु बीज रुजते ते पाणी घातल्यावर. मनात धरून वाढविलेला मत्सर, आवडीने घोळविलेला सूड, यांची जबाबदारी आपलीच. ज्या विचाराने आपणच शहारतो, तो जोपासलेला नव्हे, आलेला असतो. भागवताच्या पहिल्या स्कंधात परीक्षिताने कलीला जिवंत का सोडले याचे कारण सांगितले आहे. या युगात पुण्य संकल्पमात्रानेही फळते, पाप मात्र घडल्यावाचून फळत नाही, हा कलीचा गुण त्या सारग्राही राजाने पाहिला. आपल्या परंपरेने दिलेली ही सवलत आहे, आणि लाजेने पिचलेली माणसे नेमकी हीच विसरलेली असतात.

याच परीक्षिताच्या दोन कथा आहेत. सातव्या दिवशी तक्षकदंशाने मृत्यू, हा शाप दोन्हींत समान. महाभारताच्या आदिपर्वात राजा एका खांबावर उभारलेल्या महालात राहतो. भोवती पहारे, वैद्य, औषधी, मंत्रवेत्ते. तेथूनच कारभारही पाहतो. तक्षक येतो तो फळातील किड्याच्या रूपाने. भागवतात मात्र तो गंगातीरी बसून सात दिवस शुकमुनींकडून कथा ऐकतो. मृत्यू दोन्हीकडे येतोच. फरक आहे तो मधल्या सात दिवसांत. आपल्या वाड्यांतून सप्ताह झाले ते या दुसऱ्या परीक्षिताच्या आठवणीने. वैद्याला बोलावू नये, असा याचा अर्थ घेऊ नये. नवे किंवा वाढते दुखणे असेल, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. पहारे बसवून झाल्यावर उरलेले दिवस कशाला द्यायचे, एवढाच येथे प्रश्न आहे.

शेवटी घरच्यांच्या कर्तव्याविषयी. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेत. आणि येथे दोन वृद्ध. ‘मला काही झाले नाही ना?’ हा प्रश्न रोज फोनवर विचारला जातो, आणि ‘काही नाही’ हे उत्तर मायेपोटी रोज दिले जाते. ते उत्तर म्हणजेही कसोटीवरची आणखी एक रेघ असते. टिंगल तर क्रूरच. या दोहोंच्या मधली वाट अवघड, पण चालण्याजोगी आहे. ‘तुम्हांला भीती वाटते आहे हे मला समजते. त्याचे उत्तर डॉक्टरांनी दिले आहे, ते मी पुन्हा देत नाही; पण मी येथेच आहे, बोलू या,’ असे म्हणता येते. तपासणीसाठी एकच डॉक्टर आणि त्यांनी ठरवून दिलेली मुदत, हा नियमही घरात करता येतो. भीती रोजचे तास खाऊ लागली, झोप आणि काम बिघडले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. विचार आणि वर्तन यांवर काम करणारे उपचार व औषधे दोन्ही या विकारांवर उपयोगी ठरली आहेत. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे.

समर्थांनी मनाला उपदेश करताना त्याला सज्जन म्हणून हाक मारली. चोर म्हणून नव्हे. भ्यालेल्या मनाशी बोलताना, ते आपले असो वा दुसऱ्याचे, तेवढा मान आपणही राखावा.