मुंबईमार्गे शेजारच्या टेबलावर

नाशिकात अशोक स्तंभाकडून आनंदवलीच्या दिशेने गंगापूर रोडने जाताना दुकानांच्या वरच्या मजल्यांवरच्या पाट्या वाचत चला. विमा, गृहकर्ज, गुंतवणूक, शिकवणी वर्ग. यांतल्या कितीतरी शाखांचं मुख्य कार्यालय मुंबईत किंवा पुण्यात असतं. अशी एक शाखा मनात उभी करा. वीसेक माणसं, एक प्रिंटर, छताला तीन ॲक्सेस पॉइंट (एपी), कोपऱ्यातल्या कपाटात स्विच आणि राउटर, आणि तिथून मुंबईला जाणारी १० मेगाबिटची लीज लाईन. तुम्ही नेटवर्कचं काम करत असाल तर ही शाखा तुमच्या ओळखीची आहे. करत नसाल तरी बसा. इथे जे चाललं आहे ते नीट पाहायला फक्त सवड लागते.

खिडकीजवळच्या टेबलावरून एक बाई लॅपटॉपवरचा अर्ज छापायला देतात. प्रिंटर चार पावलांवर आहे. त्या अर्जाबरोबर आपणही निघू, सावकाश. लॅपटॉपमधून तो हवेतून छतावरच्या एपीकडे जातो. एपी त्याचा निवाडा करत नाही. तो त्याला एका वेष्टणात घालतो आणि लीज लाईनवरून सगळे एपी चालवणाऱ्या मुंबईच्या कंट्रोलरकडे पाठवतो. तिथे वेष्टण निघतं, अर्ज तिथल्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे जाळ्याच्या एका वेगळ्या कप्प्यात, उतरतो, फायरवॉल त्याला तपासते. मग पत्ता वाचला जातो: प्रिंटर नाशिकचा. आल्या लाईनने तो परत निघतो. मुंबई-नाशिक रस्त्याच्या हिशेबाने जाऊन-येऊन सुमारे ३४० किलोमीटर. बाई उठून प्रिंटरपाशी उभ्या आहेत.

या उभं राहण्यापाशी जरा थांबा. अशी मिनिटं शाखेत दिवसभर सांडत असतात आणि कुणी त्यांची तक्रार करत नाही. ‘नेट स्लो आहे’ एवढंच म्हणतात.

आता हा रस्ता ज्यांनी आखला त्यांच्याकडे पाहा. ते वेडे नव्हते. या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक एपी स्वतंत्रपणे सांभाळावा लागे. पासवर्ड बदलायचा तर प्रत्येकावर जाऊन. ‘हलका’ एपी आणि सगळी अक्कल कंट्रोलरमध्ये, ही मांडणी त्या त्रासातून आली. ती पुढे नेणाऱ्यांत एअरस्पेस ही कंपनी होती. सिस्कोने ती २००५ मध्ये विकत घेतली. एपी आणि कंट्रोलर यांनी एकमेकांशी कसं बोलावं याचा खुला नियम, कॅपवॅप, २००९ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी शाखेला लागणारं सगळं, खातेवही, मेल, फायली, मुख्य कार्यालयातच असे. वाहतूक तिकडेच जाणार होती, तर सगळीच तिकडून नेली. एकच फायरवॉल, एकच नोंदवही, एकच जबाबदार माणूस. या व्यवस्थेने अनेक वर्षं कामं सुरळीत चालवली, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

मग बिघडलं काय? मनाला पहिलं उत्तर सुचतं, अंतर. त्याची तपासणी करू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. ३४० किलोमीटरला त्याला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. म्हणजे अंतर दोषी नाही. दोषी आहे ती अरुंद लाईन. १०० मेगाबाइटची फाइल म्हणजे ८०० मेगाबिट. १० मेगाबिटच्या लाईनवर ती चढायला किमान ८० सेकंद, तेही बाकी सगळे गप्प बसले तर. आणि शेजारच्या टेबलावर जायची असेल तर तीच फाइल त्याच लाईनवरून उतरतेही. वर्षांमागून वर्षं वाय-फाय वेगवान होत गेलं, मेल आणि मीटिंगा क्लाउडवर गेल्या, पण आखलेला रस्ता तोच राहिला. छतावरची हवा रुंद आणि कपाटातली वाट अरुंद.

आता या मननाचा गाभा. त्याला वेळ द्या.

कॅपवॅपच्या नियमात एपी आणि कंट्रोलर यांच्यामध्ये दोन वेगळ्या वाहिन्या आहेत. यूडीपीचा ५२४६ हा पोर्ट नियंत्रणाचा, ५२४७ हा माहितीच्या वाहतुकीचा. पहिल्यावरून हुकूम जातात: हे नाव दाखव, हा चॅनल वापर, या माणसाला आत घे. दुसऱ्यावरून माणसांचं काम जातं: अर्ज, फाइल, आवाज. नियम लिहिणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून या दोन्ही वेगळ्या ठेवल्या होत्या. आपण मात्र त्या एकच समजून बसलो, कारण दोन्ही एकाच इमारतीकडे जात होत्या. यावरचा उपाय, लोकल स्विचिंग, म्हणजे एवढंच की पहिली वाहिनी मुंबईला जात राहील आणि दुसरीतला माल शाखेच्या स्विचवरच उतरेल. सिस्कोने हे आधी एच-रीप आणि नंतर फ्लेक्सकनेक्ट या नावाने दिलं. इतर कंपन्यांकडेही याच जातीची सोय आहे. आत कोण येणार हे मुंबई ठरवत राहते. आत आलेल्याचा कागद चार पावलं कसा जाणार, हे मात्र आता छतावरच ठरतं.

स्वतःला विचारा: माझ्या व्यवस्थेत कुठल्या गोष्टीवर केंद्राचा हात हवा आणि कुठली गोष्ट केवळ सवयीने केंद्रातून जाते? उत्तर लगेच देऊ नका.

याच गंगापूर रोडने पुढे, गंगापूर धरणाजवळ गोवर्धन इथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ मध्ये स्थापन झालेलं. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी यांची सत्ता विद्यापीठाची. शिकणं मात्र राज्यभरच्या अभ्यासकेंद्रांवर, विद्यार्थ्याच्या गावाजवळ. गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने प्रत्येक तासाला नाशिकला यावं असं तिथे कुणालाही सुचलं नाही. नेटवर्कच्या माणसाने आपली मांडणी तपासायला हा शेजार पुरेसा आहे. देशाच्या पातळीवर हाच विचार २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या रूपाने आला. त्याआधी भारतातल्या एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेलं पॅकेट पुष्कळदा परदेशी जाऊन परत येई.

आता उलट बाजूही तितक्याच शांतपणे पाहा, कारण उत्साहात हीच सुटते. माल शाखेत उतरणार म्हणजे तो सांभाळण्याचं ओझंही शाखेत उतरणार. एपीच्या स्विचवरचा पोर्ट बहुतेक ठिकाणी साधा ॲक्सेस पोर्ट असतो. तो ट्रंक करावा लागतो, म्हणजे त्यावरून अनेक व्हीलॅन न्यावे लागतात. ट्रंकवर एखादा व्हीलॅन द्यायचा राहिला की लॅपटॉप वाय-फायला जोडलेला दिसतो, पण त्याला १६९.२५४ ने सुरू होणारा निरुपयोगी पत्ता मिळतो. त्याहून वाईट म्हणजे वाय-फायचं कुठलं नाव कुठल्या व्हीलॅनमध्ये उतरवायचं हे लिहायचंच राहतं, आणि काही यंत्रणांत तो लॅपटॉप सरळ एपीच्या स्वतःच्या जाळ्यात, नेटिव्ह व्हीलॅनमध्ये, जाऊन बसतो. काम चालू असतं म्हणून कुणाला कळत नाही. पत्ते वाटणारा डीएचसीपी आता शाखेला हवा. मुंबईची फायरवॉल जे पाहत होती ते आता इथे कोण पाहणार? राउटरवर नियम लिहायचे की छोटी फायरवॉल बसवायची, हे आधी ठरवा. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. शाखेतल्या उपकरणांचे लॉग मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवले नाहीत तर ते जपणार कोण? पाहुण्यांचं वाय-फाय मात्र केंद्राकडे नेणाऱ्या जुन्या वेष्टणातूनच, म्हणजे टनेलमधूनच, जाऊ द्यावं, असं माझं ठाम मत आहे. परक्या माणसाचा फोन आपल्या प्रिंटरच्या शेजारी उतरवण्यात कुणाचंच भलं नाही.

शेवटी एक कठीण क्षण मनात आणा. रस्त्याचं खोदकाम चालू आहे आणि लाईन तुटली. जुन्या मांडणीत पूर्ण वाय-फाय गेलं असतं. नव्या मांडणीत आत असलेले लोक आतच राहतात, प्रिंटर चालतो. सामायिक पासवर्डचं नेटवर्क असेल तर नवा माणूसही जोडला जाईल. प्रत्येकाच्या स्वतंत्र नावाने लॉगिन असेल, तर ओळख तपासणारा मुंबईतला रेडियस सर्व्हर गाठता येणार नाही आणि नव्याने येणारा दाराशीच अडेल. त्यासाठी शाखेत पर्यायी सोय आधीच करून ठेवावी लागते. ती चालते का हे तपासायला तार मुद्दाम काढून पाहा, सुट्टीच्या दिवशी, स्वतः तिथे हजर राहून.

मला वाटतं, लहान शाखांसाठी लोकल स्विचिंगच योग्य आहे, पण एका शाखेपासून सुरू करून, आठवडाभर लक्ष ठेवून, मगच दुसरीकडे जावं. आणि बदल करण्याआधी शाखेत एक फोन करा. वाय-फाय थोडा वेळ बंद राहील हे सांगा, आणि त्यांच्या कामाच्या हिशेबाने कुठली वेळ बरी ते त्यांनाच विचारा.