लिलावातली गाडी आणि सणाची कोंबडी



गेल्या रविवारी मिस्सानंतर एका तरुणाने आम्हांला मोबाइलवर पांढऱ्या लॅम्बोर्गिनी गाडीचा फोटो दाखवला आणि विचारले, "फादर, ही पोप फ्रान्सिस यांची गाडी. ज्याने ती लिलावात घेतली त्याला पुण्य लागलं, की त्याने नुसती हौस भागवली?" आम्ही हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात राहिला.

हकिगत खरी आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने पोप महाशयांना ही स्पोर्ट्‌स कार भेट दिली. त्यांनी तिला आशीर्वाद दिला, तिच्यावर सही केली आणि गाडी लिलावाला पाठवून दिली. मे २०१८ मध्ये मोनॅको येथे ती ७ लाख १५ हजार युरोंना, म्हणजे तेव्हाच्या सुमारे पावणेसहा कोटी रुपयांना गेली. हा पैसा इराकमधील निनवे परिसरातील विस्थापित ख्रिस्ती कुटुंबे, मानवी व्यापाराला बळी पडलेल्या स्त्रिया आणि आफ्रिकेतील गरीब स्त्रिया व मुले यांच्यासाठी होता.

आता गाडीची किंमत खरोखर तेवढी होती का? सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला व्यापारी बोली लावतो तेव्हा माल पुढे कितीला जाईल हा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. तिथे तो थांबतो. हौसेच्या गाडीला असा थांबा नाही. समोरचा थांबेल तेव्हा भाव थांबतो. दहाव्या आज्ञेत शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये असे सांगितले आहे; पण लिलावातली वस्तू अजून कोणाचीच नसते. शेजाऱ्याला ती हवी आहे, एवढ्यानेच ती आपल्याला हवीशी वाटू लागते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात न्याय्य किमतीचा विचार केला. घेणाऱ्याला नड आहे म्हणून विकणाऱ्याने भाव चढवणे त्यांना मान्य नव्हते. परंतु घेणाऱ्याने आपखुशीने जास्त दिले तर त्यात त्याचा चांगुलपणाच आहे, असेही त्यांनी म्हटले. आमच्या मते सगळी गोम या 'आपखुशी'त आहे. बेथानीत मरियेने तीनशे दिनारांचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा हे विकून गरिबांना का दिले नाही, असे यहूदाने विचारले. बोलणे अगदी रास्त! पोप महाशयांनीही गाडीचे तेच केले. पण यहूदाची नजर थैलीवर होती, हे योहान आपल्याला सांगतो. सारखेच शब्द, सारखाच हिशेब, आणि मने मात्र वेगळी. मोनॅकोतल्या त्या माणसाच्या मनात काय होते ते परमेश्वर जाणे. निनवेच्या लोकांना पैसा मिळायचा तो मिळाला.

इथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण आम्हांला आपल्याच आवारातला एका सुगीच्या सणाचा लिलाव आठवला. एका म्हाताऱ्या मावशींनी अर्पणात गावरान कोंबडी आणली होती. पुकारा आम्हीच करत होतो. दोन घरांत ईर्ष्या लागली. आम्ही नावे घेऊन दोघांना चढवले, "बस्स, एवढंच?" म्हणून डिवचले. कोंबडी तीन हजारांना गेली, टाळ्या पडल्या. छपराचे काम निघाले होते, त्यामुळे आम्ही खूश होतो. ज्या घराने माघार घेतली त्या घरचा कर्ता पुढचे कित्येक रविवार मिस्साला आला नाही. आणि मावशी जाताना म्हणाल्या, "फादर, माझी कोंबडी तर चारशेचीच होती. बाकीचे कशाचे?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. छप्पर झाले.

यंदाच्या सणालाही लिलाव आहे. पुकारा आम्हीच करू, पण कोणाचे नाव घेणार नाही. ज्याला जिथे थांबायचे तिथे त्याने खुशाल थांबावे. ज्यांना बोली न लावता काही द्यायचे असेल त्यांच्यासाठी वेदीपाशी पेटी ठेवलेली असेल. पाकिटावर नाव लिहिण्याची गरज नाही.