रतामाच्या झुडपाखाली

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-१८, मार्क ६:३०-३२.



कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला, तोच एलीया पुढच्या अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, हे वाचून पुष्कळांस नवल वाटते. आम्हांस मात्र अलीकडे ह्या पाठाने लाज वाटली आहे. ती का, हे आज तुमच्यापुढे कबूल करतो.

आमच्या एका मंडळीत सैन्यातून निवृत्त होऊन आलेला एक गृहस्थ आहे. रात्री तो दचकून उठे. कडी वाजली तरी हात उगारी. दिवाळीच्या फटाक्यांत शेतातल्या खोपीत जाऊन राही. मुले त्याच्यासमोर बोलेनाशी झाली. त्याची पत्नी आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही तिला प्रार्थना वाढवावयास सांगितले, आणि त्याला अविश्वासाबद्दल बोल लावला. त्या दिवसापासून तो उपासनेस आला नाही. चूक त्याची नव्हती, आमची होती.

आता देवाने एलीयाशी कसे वर्तन केले, ते पाहू.

पहिली गोष्ट ही की, देवाने त्याला बोल लावला नाही. त्याने त्याला झोपू दिले. दूताने निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे उशाशी ठेवले, आणि तो जेवून पुन्हा निजला तरी त्याला कोणी रागावले नाही. उपदेश मागून आला. भाकर अगोदर आली. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात अशा दुखावलेल्या सैनिकांस पुष्कळदा भित्रे म्हणत. १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगांच्या यादीत ह्या दुखण्यास स्वतंत्र नाव दिले. हा भित्रेपणा नव्हे, भूतबाधा नव्हे, अविश्वासही नव्हे. हा जखमेचाच एक प्रकार आहे. फक्त ती डोळ्यांस दिसत नाही.

दुसरी गोष्ट ही की, देवाने त्याला गावापासून दूर नेले. चाळीस दिवस तो रानातून चालत होरेबास पोहोचला. चालण्याने शरीर थकते व झोप परत येते. रानात हुकूम नाही, भोंगा नाही. आणि समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते खांद्याला खांदा लावून चालताना बोलवते. अर्ल शेफर नावाचा अमेरिकन सैनिक दुसऱ्या महायुद्धातून परतला. ज्या मित्रासह अ‍ॅपलेशियन डोंगरवाट चालावयाची असे त्याने ठरविले होते, तो इवो जिमाच्या लढाईत पडला होता. १९४८ साली शेफर ती दोन हजारांहून अधिक मैलांची वाट एकटाच चालला. युद्ध अंगातून चालून काढावयाचे, हाच त्याचा हेतू होता. आज त्या देशात माजी सैनिकांस, आणि कित्येक ठिकाणी त्यांच्या बायकामुलांसही, रानात व नदीकाठी शिबिरास नेतात.

आपल्याकडचेही उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले. उपचारासाठी ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले. देवाने निर्माण केलेले पाणी व डोंगर हीही त्याच्या सेवेतील दूतच आहेत.

तिसरी गोष्ट ही की, देवाने त्याला विचारले आणि ऐकून घेतले. एलीयाने तेच गाऱ्हाणे दोनदा सांगितले. देवाने दोनदा ऐकले. वारा, भूकंप व अग्नी ह्यांत परमेश्वर नव्हता, असे शास्त्र सांगते. ज्याने तोफांची आग पाहिली आहे, त्याला ह्या वचनात केवढा दिलासा आहे! मग देवाने त्याला अलीशा हा सोबती दिला, काम दिले, आणि तो एकटा नाही असे सांगून परत पाठविले. रानात जाणे हे पळून जाणे नव्हे. तो परत येण्याचा रस्ता आहे.

आम्ही त्या बंधूच्या घरी जाऊन क्षमा मागितली. पुढे त्याचा मुलगा, जो अंधेरीस नोकरीला आहे, त्याच्या सोबतीने आम्ही सर्व बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. मुंबईच्या उपनगरांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे रान आहे. तुळशी व विहार हे तलाव त्यातच आहेत. कान्हेरीच्या डोंगरात शंभरांहून अधिक लेणी आहेत, आणि तेथे भिक्षू पावसाळ्यात येऊन राहत. लेण्यांपाशी खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. तेथील शिलालेखांत त्यांस पोढी म्हटले आहे. तो गृहस्थ एका टाक्यापाशी थांबला, पाणी कोणत्या पन्हळीने आत येते हे बोटाने दाखवू लागला, आणि मुलास समजावून सांगू लागला. मुलगा ऐकत राहिला. आम्ही मागे सरलो. परतताना लोकलच्या गर्दीतही तो बसल्या जागी झोपी गेला; पत्नीने ओठांवर बोट ठेवून आम्हांस गप्प राहावयास सांगितले.

तो बरा झाला, असे आम्ही म्हणत नाही. उपासनेस तो अद्याप आलेला नाही, आणि आम्ही घाई केलेली नाही.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावात असा कोणी असेल, तर प्रथम भाकर घेऊन जा, वचन मागून न्या. त्याच्या पत्नीचे व मुलांचेही ऐका. घाव त्यांनाही झाला आहे. त्याला माळावर, नदीवर, डोंगरावर सोबत न्या. रान वैद्याची जागा घेत नाही. म्हणून त्याला लष्करी इस्पितळात दाखवा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवून द्या. तो मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका.

थकून आलेल्या बारा शिष्यांस प्रभूने प्रथम कामाचा हिशेब विचारला नाही. एकांती जाऊन विसावा घेण्यास बोलाविले. जे आमच्याकरिता पहाऱ्यावर उभे राहिले, त्यांच्या झोपेवर आता आम्ही पहारा करावा, अशी बुद्धी तो आम्हां सर्वांस देवो. आमेन.