परतीचं पाणी

कुंभार पिंपळगावच्या दक्षिणेला गोदावरी वाहते. आमच्या भागात तिला गंगा म्हणतात आणि तिच्या काठच्या काळ्या जमिनीला गंगथडी. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर तिचा उगम होतो, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटर. पण त्याच्याकडे पाठ फिरवून ती सुमारे १,४६५ किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. दुधना आणि पूर्णाही तिच्यातच येतात. जालन्याचं पाणी असं पूर्वेला निघून जात असताना पश्चिमेच्या समुद्राशी आपलं काही नातं असेल, हे आमच्या माणसाच्या मनात सहसा येत नाही.

इतिहासात मात्र आमचा माल पाण्याच्या उलट दिशेने गेलेला आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवासपुस्तिकेत पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, या पेठांची नोंद आहे. पैठणचे गोमेद आणि तेरचं सुती कापड गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचच्या बंदराला जात असे. आमच्याच जिल्ह्यातलं भोकरदन हे तेव्हाचं भोगवर्धन. तिथल्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं असलेलं साम्य अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे त्याआधीच भारतीय हस्तिदंताच्या कारागिरीने समुद्र ओलांडला होता.

हा व्यापार चालत होता तो एका वाऱ्याच्या भरवशावर. नैर्ऋत्य मोसमी वारा मिसरकडची जहाजं आपल्या किनाऱ्याला आणी आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा त्यांना घरी नेई. आमच्या कोरडवाहू शेतावर कपाशी, तूर उभी करणारा पाऊसही तोच नैर्ऋत्य वारा आणतो. कोळी बांधव श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात आणि आमच्याकडे पंधरा दिवसांनी, अमावास्येला, बैलांचा पोळा भरतो. दर्यावर्दी आणि शेतकरी एकाच आभाळाकडे बघत आले आहेत.

हे सगळं मनात ठेवून मुंबईत गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून घारापुरी बेटाच्या लाँचमध्ये बसावं. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, वेळ साधारण तासभर. नौदलाच्या युद्धनौका आणि नांगरून पडलेली मालवाहू जहाजं मागे पडतात. जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या दिसू लागतात. प्रवासाच्या मध्यावर शहर आणि बेट दोन्ही एकदम नजरेत येतात, आणि ‘ऐतिहासिक शहर’ नेमकं कोणत्या बाजूला, हा प्रश्न पडतो. इ.स. ६३४च्या ऐहोळे शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने नौका घेऊन जिंकलेल्या ‘पुरी’चं वर्णन आहे. पश्चिम समुद्राचं वैभव म्हणून तिचा गौरव केलेला आहे. ती पुरी म्हणजे घारापुरीच, असं अनेक अभ्यासक मानतात, तर काहींना राजपुरी अधिक संभवनीय वाटते. पहिलं मत खरं धरलं, तर एके काळी राजधानी त्या बाजूला होती आणि आजची मुंबई म्हणजे खाड्यांत विखुरलेल्या बेटांचा पुंजका होता.

नुसती गलबतं निघाली म्हणून कोणतंही बंदर मोठं झालेलं नाही. गेलेलं गलबत पुन्हा त्याच धक्क्याला लागतं, तेव्हा त्या धक्क्यावर पेठ उभी राहते, सावकार पैसा लावतो, कारागीर मूर्ती घडवतो. परतीचा विश्वास आटला की राजधानीचं खेडं होतं. सोपारा, चौल, दाभोळ यांच्या वैभवाचीही अखेर तीच कथा आहे.

आम्हा कोरड्या मुलखातल्या माणसांना समुद्र आधी कीर्तनात भेटतो. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच घनसावंगी तालुक्यातलं. भवसागर, तारून नेणारा गुरू, पैलतीर ही सगळी भाषा कानावर पडतच आम्ही वाढतो. त्या प्रतिमेत ओलांडणं एकदाच घडतं. पार झालेल्याने मागे वळायचं नसतं. त्या शिकवणीबद्दल मला नितांत आदर आहे. पण घारापुरीच्या पाण्याने मला तिच्या जोडीला दुसरं एक सत्य दिलं: संसारी माणसाला पैलतीर रोज गाठायचा असतो आणि रोज परतायचंही असतं. तिथल्या लेण्यातला शिल्पकारही हे जाणत असावा. सदाशिवाच्या भव्य मुखत्रयाच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आहे, दुसऱ्या बाजूला गंगाधर. स्वर्गातून निघालेल्या गंगेला शिव जटेत धरतो, ते तिने पृथ्वीवर नांदावं म्हणून. मोक्ष देणारा देवच तिथे नदीला संसाराच्या वाटेवर आणतो.

घारापुरीत शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्या आहेत. महाविद्यालय, मोठा दवाखाना, उरणची तालुका कचेरी, सगळं पाण्यापलीकडे. जगाने १९८७ साली ज्या लेण्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांच्या पायथ्याच्या घरांत समुद्राखालच्या केबलमधून वीज पोहोचली ती २०१८ साली. सोमवारी लेणी बंद असतात, पण बेटावरच्या माणसाची गरज सोमवारी थांबत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की पर्यटक आपला बेत पुढे ढकलतो. प्रसूतीच्या कळा पुढे ढकलता येत नाहीत.

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि अनेक माणसं घरी परतलीच नाहीत. तासाभराच्या त्या प्रवासात माणूस किती मोठा विश्वास टाकून बसलेला असतो, हे त्या दिवसाने दाखवलं.

२०२४च्याच जानेवारीत बेटाच्या उत्तरेकडून जाणारा अटल सेतू खुला झाला. ते मोठं काम आहे, त्याचा अभिमान वाटतो. पण घारापुरीला त्यावरून उतरता येत नाही. तिची वाट आजही लाँचचीच आहे. म्हणून या जलमार्गाची प्रतिष्ठा ठरवताना वर्षाला किती पर्यटक आले, एवढंच मोजून भागणार नाही. भक्कम धक्का, प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट, आणि रात्री आजारी पडलेल्याला पलीकडे नेऊन बरं करून परत आणणारी बोट, या तीन गोष्टी किती पक्क्या आहेत हे आधी पाहावं लागेल. ज्याला परतीची हमी देता येते, तोच किनारा स्वतःला बंदर म्हणवून घेण्याचा अधिकारी असतो.