दुर्बीण, नेम आणि प्रमाद
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आणली, तरी नेमाचा नैतिक प्रश्न उरतोच. रायफलीवरची दुर्बीण नळीच्या वर बसत असल्याने दृष्टिरेषा, म्हणजे डोळ्यापासून लक्ष्यापर्यंतची सरळ रेघ, आणि गोळीचा झुकत जाणारा मार्ग ठरावीक अंतरावरच जुळतात. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू आळीपाळीने, सारख्या दाबाने आवळले नाहीत किंवा दुर्बिणीतील उभी तार किंचित कलली, तर लांबवरची गोळी बाजूला जाते आणि प्राणी तत्काळ मरत नाही, जखमी होऊन तडफडत राहतो. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येत प्राणहरणाआधी प्रमाद, म्हणजे बेसावध, विकारग्रस्त वृत्ती, येते. त्या दृष्टीने सैल स्क्रू हा चाप ओढण्याआधीचाच दोष होय, मात्र काटेकोर बसवलेली दुर्बीण मारण्याच्या इच्छेला निर्दोष ठरवत नाही.